चिंतामणराव देशमुख : केंब्रिजमधील विद्यार्थीदशा

महाड-पोलादपूरचा परिसर म्हटला की रायगड किल्ला, महाडचे चवदार तळे आणि सव येथील गरम पाण्याचे झरे आपल्या डोळ्यांसमोर येतात. याच महाड तालुक्यात, रायगडाच्या परिसरातील नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या कर्तृत्वाचा पाया ज्या काळात घातला गेला, तो इंग्लंडमधील विद्यार्थीदशेचा काळ मात्र तितकासा परिचित नाही. आज आपल्याही अनेक कुटुंबांतील मुलेमुली शिक्षणासाठी परदेशी जात आहेत. त्यांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हा काळ आवर्जून समजून घ्यावा असा आहे.

देशमुख घराणे मूळचे रोह्याचे. वडील द्वारकानाथ हे वकील होते, तर आई भागीरथीबाई. चिंतामणरावांची बुद्धी लहानपणापासूनच तेजस्वी होती. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. त्यानंतर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात काही काळ शिकून १९१५ साली ते इंग्लंडला गेले. पहिले महायुद्ध सुरू होऊन तेव्हा वर्ष उलटत आले होते. समुद्रात जर्मन पाणबुड्यांचा संचार होता. त्याच वर्षी ३० डिसेंबर रोजी मुंबईकडे येणारी 'पर्शिया' ही प्रवासी बोट भूमध्य समुद्रात बुडवली गेली आणि शेकडो माणसे प्राणास मुकली. अशा दिवसांत एकोणीस वर्षांच्या मुलाला सातासमुद्रापार धाडताना त्या माउलीच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना प्रत्येक आईला करता येईल.

केंब्रिजमध्ये त्यांनी जीझस कॉलेजात प्रवेश घेतला. या कॉलेजचा इतिहास आपल्या वाचकांना विशेष वाटेल. बाराव्या शतकापासून त्या जागी संत राडेगुंड हिच्या नावाने बेनेडिक्टाईन भगिनींचा मठ होता. कालांतराने तो ओस पडत गेला, तेव्हा १४९६ साली ईलीचे बिशप जॉन अल्कॉक यांनी तेथे कॉलेज स्थापन केले. भगिनींचे प्रार्थनामंदिर हेच कॉलेजचे प्रार्थनामंदिर झाले. पुढे धर्मसुधारणेनंतर मात्र ही विद्यापीठे कॅथलिकांना दीर्घकाळ बंद होती. १८७१ च्या कायद्याने पदव्या व पदे यांवरील धर्माची अट बहुतांशी दूर झाली आणि कॅथलिकांप्रमाणेच हिंदू, मुस्लिम, पारशी विद्यार्थ्यांसाठीही दारे मोकळी झाली. त्याच उघड्या दारातून रायगडच्या परिसरातील हा मुलगा आत गेला.

तेथील विद्यार्थ्याचे दैनंदिन जीवन शिस्तीचे होते. वर्षात तीन सत्रे असत व प्रत्येक सत्राचा मुख्य भाग आठ आठवड्यांचा असे. काही विद्यार्थी कॉलेजातच राहत, तर काही गावातील मान्यताप्राप्त घरमालकिणीकडे. संध्याकाळचे जेवण कॉलेजच्या भोजनगृहात लांब बाकांवर बसून, अंगात काळा झगा घालून होई. अंधार पडल्यावर झग्याविना रस्त्यावर दिसणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यापीठाचे अधिकारी दंड करीत. रात्री ठरावीक वेळी कॉलेजचे दरवाजे बंद होत. आठवड्यातून एखादा तास शिक्षकासमोर बसून आपले लेखन तपासून घ्यावे लागे. बाकीचा अभ्यास ज्याचा त्याने करायचा असे.

त्यात युद्धाची छाया पडलेली. युद्धापूर्वी तीन हजारांच्या वर असलेली विद्यार्थिसंख्या घसरून काही शेकड्यांवर आली, कारण इंग्रज तरुण रणांगणावर गेले होते. मोठ्या मैदानावर जखमी सैनिकांचे रुग्णालय उभे होते. विमानहल्ल्यांच्या भीतीने रात्री दिवे मंद ठेवले जात. साखर, लोणी, मांस यांची टंचाई वाढत गेली आणि १९१८ मध्ये शिधावाटप सुरू झाले. कोकणातल्या भातावर वाढलेल्या माणसाला थंडी आणि परके अन्न यांच्याशी जुळवून घेणे सोपे नव्हते. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन हेही त्याच काळात केंब्रिजमध्ये होते. शाकाहाराचे व्रत सांभाळत ते स्वतः स्वयंपाक करीत आणि १९१७ पासून त्यांची प्रकृती ढासळत गेली. परदेशी शिक्षणाची किंमत किती जड असू शकते, हे यावरून ध्यानात येते.

चिंतामणरावांनी निवडलेले विषय पाहिले तर अनेकांना नवल वाटेल. पुढे देशाचे अर्थकारण सांभाळणारा हा विद्यार्थी तेथे वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकत होता. १९१७ साली निसर्गविज्ञानाची ट्रायपॉस परीक्षा त्यांनी उत्तीर्ण केली आणि वनस्पतिशास्त्रासाठी असलेले फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवले. झाडाझुडपांची ही आवड त्यांनी आयुष्यभर जपली. संस्कृतही सुटले नाही. कालिदासाच्या मेघदूताचे त्यांनी पुढे मराठी पद्यात रूपांतर केले आणि स्वतःही संस्कृत काव्यरचना केली. परदेशी जाऊन आपली भाषा विसरावी लागत नाही, हे त्यांनी कृतीने दाखवले.

१९१८ साली ते आय. सी. एस. परीक्षेला बसले. ही परीक्षा तेव्हा केवळ लंडनमध्येच होत असे. तीत ते पहिले आले. वय अवघे बावीस वर्षांचे. साऱ्या घराण्याला अभिमान वाटावा असे हे यश होते, पण त्यांच्या मनात मात्र खळबळ सुरू झाली. ज्या सरकारने देशाला पारतंत्र्यात ठेवले, त्याचीच चाकरी करायची काय? की ती सोडून देशकार्यात उडी घ्यायची? योगायोगाने त्या सुमारास लोकमान्य टिळक चिरोल खटल्यासाठी लंडनमध्ये आले होते. चिंतामणरावांनी त्यांची भेट घेऊन आपली व्यथा मांडली. लोकमान्यांनी त्यांना नोकरी सोडू नये असा सल्ला दिला. उद्या स्वराज्य आले की राज्यकारभाराचा अनुभव असलेली माणसे देशाला लागतील, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतः तुरुंगवास भोगलेल्या नेत्याचा हा सल्ला तरुणाने मनोमन स्वीकारला. १९२० साली रोझिना विल्कॉक्स या इंग्रज युवतीशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी ते भारतात सेवेत रुजू झाले.

लोकमान्यांचा तो सल्ला किती दूरदृष्टीचा होता, हे काळाने सिद्ध केले. १९४३ ते १९४९ या काळात चिंतामणरावांनी रिझर्व्ह बँकेची धुरा वाहिली. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत त्यांनी भारताची बाजू मांडली. १९५० मध्ये ते अर्थमंत्री झाले आणि १९५२ साली कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. स्टेट बँकेची स्थापना आणि आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण त्यांच्याच कारकिर्दीत झाले. मात्र मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा निर्णय त्यांना मान्य झाला नाही आणि १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. १९१८ साली त्यांनी मनाला विचारून पद स्वीकारले होते. १९५६ साली त्याच मनाला विचारून त्यांनी ते परत केले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू या नात्याने त्यांनी हजारो विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची चिंता वाहिली. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

परदेशी शिकून तेथेच स्थिरावावे की परत यावे, कोणती नोकरी धरावी आणि कोणती सोडावी, असे प्रश्न आजच्या तरुणांनाही पडतात. प्रत्येकाचे उत्तर सारखे असणार नाही. परंतु चिंतामणरावांनी केले तसे आपले यश क्षणभर बाजूला ठेवून, ते कोणाच्या उपयोगी पडणार आहे हे स्वतःला विचारावे, वडीलधाऱ्यांचा सल्ला घ्यावा आणि मग निर्णयाशी प्रामाणिक राहावे, एवढे प्रत्येकाला निश्चितच करता येईल.