दुसरी मनकर्णिका

छावनीतून फूलबागेकडे जाताना झाशीच्या राणीच्या समाधीवरून आपण सर्वच जातो. 1858 च्या जून महिन्यात राणी येथे पडली, हे ग्वाल्हेरच्या मराठी घरात लहान मुलालाही ठाऊक असते. माहेरची मनकर्णिका, लाडाची मनू, आणि लग्नानंतर लक्ष्मीबाई. तिच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 1868 साली, नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्मली. तिचेही नाव मनकर्णिका, तीही मनू, आणि लग्नानंतर तीही लक्ष्मीबाई. ही दुसरी लक्ष्मीबाई म्हणजे कवी नारायण वामन टिळकांच्या पत्नी. घोड्यावर बसण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नाही. पण भीतीशी त्यांचे जे युद्ध झाले ते लहान नव्हते, आणि ते बहुतेक सारे स्वयंपाकघरातच झाले.

सत्तावनच्या धामधुमीची झळ या घरालाही लागली होती. मनूच्या आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर यांना इंग्रजांनी फाशी दिले. त्या आघातानंतर मनूच्या वडिलांच्या मनाने जे घेतले ते सोवळ्याचे वेड. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात यायचा नाही. मीठ आणि साखरही याला अपवाद नव्हती. साखर धुतल्यावर हाती काय उरते हा प्रश्न वडिलांना विचारण्याची छाती घरात कोणाची नव्हती. विटाळाची भीती अशी दुधाबरोबरच मनूच्या पोटात गेली.

अकराव्या वर्षी लग्न झाले. नवरा बुद्धिमान, शीघ्रकवी, मनाचा राजा आणि पायाला भिंगरी. आज घरी तर उद्या न सांगता कोठे तरी निघून गेलेले. हाती पैसा आला की तो पहिल्या गरजवंताचा. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख टिळकांनीच करून दिली. शाळेचे शिक्षण म्हणावे असे त्यांना मिळालेच नाही.

1895 च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आज तिकडे तटस्थपणे पाहता येते. त्या काळच्या चित्पावन घरावर मात्र तो वज्राघात होता. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही, आणि पदरात लहानगा दत्तू. लक्ष्मीबाई दुःखाने वेड्यापिशा झाल्या. नातलगांच्या आधाराने त्यांनी पंढरपुरास दिवस काढले, आणि याच दिवसांत मनातले सांगायला दुसरे कोणी नाही म्हणून त्या कविता रचू लागल्या.

इथे थोडे थांबले पाहिजे. धाडस म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर किल्ल्यावरून घेतलेली उडी येते. लक्ष्मीबाईंनी उडी घेतली नाही. त्या एकेक पायरी उतरल्या, प्रत्येक पायरीवर भ्याल्या, आणि तरी पुढची पायरी उतरल्या. प्रथम त्या नगरला टिळकांजवळ राहावयास आल्या, ते आपले सोवळे सांभाळूनच : स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. नवऱ्याचा धर्म त्याच्यापाशी, आपला आपल्यापाशी. पुढे राहुरीस असताना त्यांच्या मनाने एक प्रश्न धरला. पशुपक्ष्यांच्या जाती देवाने केल्या हे दिसते. माणसांतल्या जाती कोणी केल्या? हा विचार त्यांनी शेवटापर्यंत नेला, आणि त्या माणसानेच केल्या असे ठरल्यावर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. हा निश्चय बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे, हे ध्यानात ठेवावे. साखर धुणाऱ्या बापाच्या मुलीची खरी झुंज या ठिकाणी जिंकली गेली. ख्रिस्तावरच्या श्रद्धेने त्या मोकळ्या झालेल्या मनात मग घर केले, आणि 1900 साली त्यांनी स्वखुशीने बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. वाट मात्र पाहिली.

दरबारी गवयाच्या घरात वाढल्यामुळे मला येथे आपल्याच गावची गोष्ट आठवते. वासुदेवबुवा जोशी ख्यालगायकी शिकले ती हस्सूखाँसाहेबांच्या पायाशी बसून. सोवळे पाळणाऱ्या ब्राह्मण घरातल्या मुलाने मुसलमान उस्तादाचा गंडा बांधणे म्हणजे काय, हे आपल्या जुन्या घरांना सांगावे लागू नये. विद्येसाठी आपण हा उंबरठा ओलांडला आणि त्याचा अभिमानही मिरवला. लक्ष्मीबाईंनी तोच उंबरठा देवासाठी ओलांडला, तेव्हा मात्र आपल्याकडच्या पुष्कळांनी नाक मुरडले. माझ्या घरातल्या वडीलधाऱ्यांनीही मुरडले होते, आणि त्याच माणसांनी त्यांचे पुस्तक हातावेगळे होईपर्यंत खाली ठेवले नाही!

पुढचे आयुष्य भीतीला उसंत मिळू नये असेच गेले. नगरला प्लेग आला तेव्हा, जिथून माणसे पळत होती त्या प्लेगच्या छावणीत लक्ष्मीबाई रोग्यांच्या शुश्रूषेला राहिल्या. एके काळी स्पर्शाने दचकणारी बाई ती हीच. अनाथ मुले त्यांच्या घरात वाढली. बालकवी ठोमरे त्यांच्या घरी राहिले ते पोटच्या मुलासारखे. 1917 साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यास पत्करला, आणि 1919 च्या मे महिन्यात ते वारले. लक्ष्मीबाईंना तेव्हा पन्नाशी उलटून गेली होती.

टिळकांच्या चरित्राला साधन हवे म्हणून मुलगा देवदत्त याने आईला आठवणी लिहावयास लावले. त्यातून झालेल्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 साली निघाला. त्यात स्वतःची फजिती त्या इतक्या आनंदाने सांगतात की वाचणारा हसता हसता गप्प होतो. आपली भीती झाकून ठेवण्याचीही भीती त्यांना उरली नव्हती.

मला, गाणे शिकविणाऱ्या माणसाला, त्यांच्या दुसऱ्या कामाचे नवल अधिक वाटते. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ ओवीत लिहावयास घेतले होते. दहा अध्याय झाले आणि ते गेले. ओवीला तबल्याचा ठेका नसतो; ती जात्याच्या फेऱ्यावर आणि म्हणणारीच्या श्वासावर चालते, आणि म्हणूनच दुसऱ्याची ओवी पुढे नेणे फार अवघड, दुसऱ्याच्या श्वासाने गाण्यासारखेच. लक्ष्मीबाईंनी ती आपल्या श्वासाने पुढे नेली. एक नव्हे, दोन नव्हे, चौसष्ट अध्याय. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्या गेल्या तेव्हा शेवटचा अध्याय राहिला होता. तो देवदत्तांनी लिहिला, आणि 1938 साली ग्रंथ छापून निघाला.