टेलिफोन खात्यातला कानवाला

माझ्या मामाला कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं. मशीन चालू झालं त्या दिवशी त्याची तक्रार एकच, मामीसकट सगळे कार्टूनसारखे चिरक्या आवाजात बोलतात! असं का, हे शोधताना मला एक माणूस सापडला. तो डॉक्टर नव्हताच. ईएनटीसीवाल्यांनो, तो आपला माणूस. गेऑर्ग फॉन बेकेशी.

जन्म १८९९, बुडापेस्ट. वडील परराष्ट्र खात्यात, त्यामुळे बालपण म्युनिक, कॉन्स्टँटिनोपल, झुरिक असं फिरतीचं. बर्नला केमिस्ट्री, मग १९२३ मध्ये बुडापेस्टला फिजिक्सची डॉक्टरेट. आणि नोकरी? चक्क पोस्टात! हंगेरीच्या पोस्ट-टेलिफोन खात्याची लॅब चांगली होती. खात्याला टेलिफोनचा आवाज सुधारायचा होता. बेकेशीला वाटलं, ज्या कानासाठी एवढा खटाटोप, तो कान काय चीज आहे ते आधी बघू.

झालं! हा माणूस मृतदेहांचे कान मिळवून लॅबमध्ये आणायला लागला. खात्याच्या वर्कशॉपमधल्या ड्रिलवर हाडं कोरायचा, आणि सकाळी मशीनवर हाडांचा भुगा सापडायचा. आपल्या वर्कशॉपमध्ये कुणी असं केलं असतं तर त्याची टर्म नक्की गेली असती.

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा कॉक्लिया असतो आणि त्यात साधारण ३५ मिलिमीटर लांबीचा एक पातळ पडदा. बेकेशीने त्यावर चांदीचे बारीक कण टाकले, स्ट्रोबोस्कोपचा प्रकाश सोडला आणि मायक्रोस्कोपमधून पाहिलं. आवाजाची लाट पडद्यावरून धावत जाते, एका ठरावीक जागी सगळ्यात उंच होते आणि विरते. बारीक सूर तळाशी, खर्जातला आत टोकाशी. थोडक्यात, सूर म्हणजे जागा.

आता मामाचं कोडं सुटतं. इम्प्लांटची इलेक्ट्रोडची तार तळाकडून आत सरकवतात आणि ती बहुतेकदा टोकापर्यंत पोचत नाही. मग खालच्या सुराचा सिग्नल वरच्या सुराच्या जागी जातो. मेंदू हळूहळू जुळवून घेतो, ही एक बरी गोष्ट. पण तार खालच्या पोकळीतून निसटून वरच्या पोकळीत घुसली, तर आतली नाजूक रचना दुखावते आणि शब्द कळायला सहसा जास्त जड जातं. म्हणून सर्जन एकेका मिलिमीटरसाठी झटतात.

बेकेशी १९४६ मध्ये हंगेरी सोडून स्वीडनला गेला, १९४७ पासून हार्वर्डला. १९६१ चं मेडिसिनचं नोबेल त्याला एकट्याला मिळालं, फिजिक्सवाल्याला! लग्न केलं नाही, जुन्या कलावस्तूंचा मात्र भारी नाद. १९६५ मध्ये हार्वर्डची लॅब जळाली, तेव्हा साठी उलटलेला हा गडी पुढच्या वर्षी हवाई बेटांवर नवी लॅब थाटायला निघाला.

त्याचं एक मोजमाप अपुरं होतं. मेलेल्या कानात लाट दिसावी म्हणून त्याला कानठळ्या बसवणारा आवाज सोडावा लागायचा, आणि तिथे लाटेचा उंचवटा पसरट दिसायचा. जिवंत कानात तो कितीतरी टोकदार असतो, हे १९७१ मध्ये माकडांवरच्या प्रयोगात दिसलं. पुढच्याच वर्षी होनोलुलूला बेकेशी वारला. कलासंग्रह त्याने नोबेल फाउंडेशनला देऊन टाकला होता.

परवा मामाने पहिल्यांदाच हॉस्टेलवर मला फोन केला. पाच मिनिटं बोललो. मेस हा शब्द तेवढा तीनदा सांगावा लागला.