केसपेपरातील धन

१९११ साली मुंबईत जन्मलेले डॉ. रुस्तम जाल वकील लंडनहून उच्च वैद्यकीय शिक्षण घेऊन परतले व के. ई. एम. रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ म्हणून नावाजले. सर्पगंधा वैद्यांना पूर्वापार ठाऊक होती. वकिलांनी ५० रुग्णांचे औषधापूर्वीचे व नंतरचे रक्तदाब काटेकोरपणे टिपले. १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ते प्रसिद्ध होताच पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले गेले. १९५७ साली त्यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार लाभला; १९७४ साली ते निवर्तले.

उच्च रक्तदाब हृदयविकाराला निमंत्रण देतो. घाटकोपर-बोरिवलीच्या पालिका रुग्णालयांतही रोज केसपेपर लिहिले जातात. रुग्णांची नावे गुप्त राखून त्यांचा अभ्यास व्हावा. एरवी हे धन रद्दीच्याच भावाचे.