तबलानवाज उस्ताद अहमदजान थिरकवा

शाळेच्या स्नेहसंमेलनात एखाद्या विद्यार्थ्याचे गाणे रंगले, म्हणजे सभागृह टाळ्यांनी दुमदुमून जाते. गाणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी घरोघर होते. परंतु त्याच्या शेजारी बसून तबला वाजविणारा मुलगा कोणाचा, हे विचारण्याचे फारसे कोणास सुचत नाही. आपण जन्मभर दुसऱ्याच्या गाण्यामागेच बसावयाचे की काय, असा प्रश्न अशा मुलाच्या मनात उभा राहिला, तर त्यात नवल ते काय? या प्रश्नाचे उत्तर उपदेशाने देण्यापेक्षा एका थोर कलावंताच्या चरित्राने द्यावे, असे आम्हांस वाटते. ते कलावंत म्हणजे तबलानवाज उस्ताद अहमदजान थिरकवा होत.

अहमदजान यांचा जन्म सुमारे १८९२ साली, आजच्या उत्तर प्रदेशातील मुरादाबाद या शहरी झाला. घरी संगीताचा व्यवसाय पिढीजात चालत आलेला. वडील हुसेन बक्ष हे सारंगी वाजवीत. मुलाचे आरंभीचे शिक्षणही गायनाचे व सारंगीचेच झाले. परंतु मुनीर खां या नामांकित तबलावादकाचे वादन कानी पडले, आणि त्याचे मन तबल्याकडे ओढ घेऊ लागले. वयाच्या सुमारे बाराव्या वर्षी तो मुनीर खांसाहेबांचा शागीर्द झाला.

हे गुरू सामान्य नव्हते. दिल्ली, फरुखाबाद अशा निरनिराळ्या घराण्यांच्या रचना त्यांनी मोठ्या कष्टाने गोळा केल्या होत्या. त्या काळी ही विद्या वहीत उतरवून घेण्याची वहिवाट नव्हती. प्रत्येक रचना आधी तोंडाने म्हणावयाची, हाताने ताल धरून पक्की करावयाची, आणि मग ती बोटांत उतरेपर्यंत घोटावयाची. तबल्यावर शाईचा नाद निराळा, किनारेचा निराळा. डाव्या हाताच्या डग्ग्यावर तळहाताचा दाब किंचित कमीअधिक झाला, तरी घुमारा बदलतो. तोच बोल संथ लयीत जसा स्पष्ट निघाला, तसाच तो द्रुत लयीतही निघाला पाहिजे. याकरिता वर्षानुवर्षे रोज तासन् तास रियाज करावा लागतो. आमच्या विद्यार्थ्यांना पाढे पाठ करण्याचा कंटाळा येतो. त्यांनी या मुलाचे बालपण क्षणभर डोळ्यांपुढे आणावे.

थिरकवा हे त्यांचे मूळचे नाव नव्हे, आडनावही नव्हे. मुलगा मेहनत करीत असता त्याची बोटे तबल्यावर जणू नाचताना गुरूंचे वडील काले खां यांनी पाहिली, आणि थिरकणे या शब्दावरून कौतुकाने त्यास हे नाव दिले, असे सांगतात. पुढे हेच नाव साऱ्या देशाला ठाऊक झाले. दुसऱ्याने कौतुकाने दिलेले नाव जन्मभर मिरवावयाचे, तर ते रोज नव्याने कमवावे लागते. अहमदजान यांनी ते कमविले.

महाराष्ट्राशी त्यांचा निकटचा संबंध जडला तो गंधर्व नाटक मंडळीमुळे. बालगंधर्वांनी १९१३ साली गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह ही मंडळी काढली. पुढे थिरकवा यांचा तबला व कादरबक्ष यांची सारंगी अशी साथ बालगंधर्वांच्या गाण्यास लाभली. त्या काळची संगीत नाटके रात्र रात्र चालत. आवडत्या पदास प्रेक्षक पुनःपुन्हा आग्रह करीत, आणि तेच पद दर वेळी नव्या अलंकारांनी सजून येई. साथीदाराने प्रत्येक वेळी ते नव्यानेच ऐकावयाचे असे.

आमच्या मते थिरकवा यांची खरी परीक्षा येथेच झाली. ज्याच्या हाती शेकडो कायदे, रेले व गती सज्ज आहेत, त्याने नाट्यपदासाठी साधा ठेका धरून बसावयाचे, म्हणजे धनवानाने मूठ झाकून चालण्यासारखेच आहे. येथे आपली विद्या दाखविण्याचा मोह पडला, तर गाणे मोडते. आणि निव्वळ यंत्रासारखा ठेका धरला, तर गाणे निर्जीव होते. या दोहोंच्या मधली वाट फार अरुंद आहे. ती वाट थिरकवा यांना सापडली होती. गायक थांबला की भरून काढावयाचे, तो सुरावर स्थिरावला की आपण मागे सरावयाचे, आणि समेवर मात्र दोघांनी एकाच क्षणी पोहोचावयाचे, ही साथीची नीती होय. महाराष्ट्रातील प्रेक्षक पदांसाठी नाटकास जात, आणि परत येताना तबलाही मनात घेऊन येत.

त्या दिवसांत तबलजीस समाजात मान नव्हता, हेही येथे सांगितले पाहिजे. तबला म्हणजे नाचगाण्याच्या बैठकीचे वाद्य, अशी समजूत होती. प्रतिष्ठित घरांतील वडील मंडळी मुलांना त्यास हात लावू देत नसत. गायकाचा गौरव होई आणि साथीदार मागे राही. ही समजूत वादविवादाने गेली नाही. ज्यांच्या वादनाने ती हळूहळू मागे हटली, त्यांत थिरकवा यांचे स्थान फार वरचे आहे. तबल्याचे स्वतंत्र वादनही त्यांनी तितक्याच योग्यतेस नेले. संथ पेशकाराने आरंभ करावयाचा, कायद्याचा क्रमाक्रमाने विस्तार करावयाचा, आणि मग रेला, गत, तुकडे असे पुढे जावयाचे. हा सारा प्रवास ते असा करीत की, गाण्याच्या मैफलीप्रमाणेच श्रोते केवळ तबला ऐकण्यास बसत.

१९३६ साली ते रामपूरच्या नबाबांच्या पदरी गेले. १९४९ साली रामपूर संस्थान भारतात विलीन झाले, आणि इतर संस्थानांप्रमाणे तेथीलही दरबारी आश्रयाचे दिवस सरले. अशा वेळी अनेक कलावंत निराधार झाले. थिरकवा यांनी मात्र लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात अध्यापनाचे काम केले. जी विद्या त्यांनी गुरूच्या पुढ्यात बसून मिळविली होती, ती आता ते वर्गात बसलेल्या मुलांना देऊ लागले. आम्ही स्वतः शिक्षक असल्यामुळे त्यांच्या आयुष्याचा हा भाग आम्हांस विशेष जवळचा वाटतो.

त्यांचे शिष्य कोण होते, ते पाहा. पुण्याचे लालजी गोखले. गुणीदास या नावाने प्रसिद्ध असलेले गायनाचार्य जगन्नाथबुवा पुरोहित. मुंबईत १९५६ साली संगीत महाभारती ही संस्था स्थापन करणारे बंगाली निखिल घोष. आणि प्रथम जगन्नाथबुवांकडे शिकून मग थिरकवा यांच्यापाशी आलेले भाई गायतोंडे. कोणाची भाषा मराठी, कोणाची बंगाली. धर्म गुरूहून वेगळा. तरीही एका घराण्याची विद्या मुरादाबादच्या मुसलमान उस्तादाकडून त्यांच्या हातांत गेली, आणि त्यांनी ती आपल्या शिष्यांना दिली.

मानसन्मानही त्यांना लाभले. १९५४ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९७० साली भारत सरकारने पद्मभूषण ही पदवी दिली. वार्धक्यातही त्यांचा हात थांबला नाही. मुंबईवर त्यांचे फार प्रेम होते. १३ जानेवारी १९७६ रोजी लखनौ येथे त्यांना मृत्यू आला, तेव्हा ते मुंबईच्या गाडीस निघण्याच्या तयारीत होते, असे सांगतात.

त्यांचे वादन काही ध्वनिमुद्रिकांतून आजही ऐकावयास मिळते. पालकांनी एखाद्या संध्याकाळी ते मुलांसह अवश्य ऐकावे. आणि येत्या संमेलनात एखादे गाणे आवडले, तर गाणाऱ्याची पाठ थोपटावीच. पण जाताना तबल्यावर बसलेल्या मुलास त्याचे नाव विचारावे, एवढी आमची विनंती आहे.