छोट्या मोटारींचा कार्लो आबार्थ

व्हिएन्नात १९०८ साली जन्मलेले कार्लो आबार्थ मोटारसायकल शर्यतींत नावारूपाला आले. परंतु युगोस्लाव्हियातील भीषण अपघाताने ती कारकीर्द संपविली. १९४९ मध्ये त्यांनी इटलीत स्वतःची कंपनी स्थापन केली. रास वृश्चिक, म्हणून बोधचिन्ह विंचू. शर्यतींचा खर्च भागविला तो सायलेन्सरच्या विक्रीने. धूर सहज बाहेर पडला की इंजिन मोकळा श्वास घेते. रोजच्या मोटारीत हा बदल सर्वांत स्वस्त आणि सोपा. पुढची पायरी कार्बुरेटर व सिलिंडरची.

१९६३ च्या ‘५९५’ मध्ये त्यांनी फियाट ५०० चे ४९९ सीसीचे इंजिन ५९४ सीसीचे केले. सुमारे १८ अश्वशक्तीची २७ झाली. आकडा हसण्याजोगा, पण जेमतेम पाचशे किलोच्या गाडीला तो पुष्कळ होता. वेग ताशी ९५ वरून १२० किलोमीटरवर गेला. कारकून तीच गाडी घेऊन कचेरीत जाऊ शकत असे.

१९६५ मध्ये विक्रमी मोटारीच्या अरुंद आसनात मावण्यासाठी आबार्थ यांनी स्वतःचेच वजन तीस किलोंनी घटविले. १९७१ मध्ये कंपनी फियाटकडे गेली. १९७९ मध्ये व्हिएन्नातच त्यांचे निधन झाले.