हकीम अजमल खान : घराण्याची विद्या आणि लोकांचे आरोग्य

दिल्लीच्या बल्लीमारान भागातील शरीफ मंझिल ही हवेली हकिमांच्या एका घराण्याची अनेक पिढ्यांची ओळख होय. मोगल काळातील हकीम शरीफ खान यांच्यापासून चालत आलेल्या या घराण्यात अजमल खान यांचा जन्म १८६८ साली झाला. अरबी-फारसीच्या अध्ययनाबरोबर यूनानी वैद्यकाचे शिक्षण त्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडूनच घेतले. १८९२ पासून सुमारे दहा वर्षे ते रामपूरच्या नवाबांचे वैद्य होते. 'शैदा' या नावाने उर्दू व फारसीत काव्यरचना करणाऱ्या या रसिक पुरुषास दरबारातील जीवन दुःसह नव्हते. तथापि १९०१ मध्ये थोरले बंधू अब्दुल मजीद खान निवर्तले आणि त्यांनी दिल्लीत स्थापिलेल्या तिब्बिया मदरशाचा भार कालांतराने अजमल खान यांच्यावर आला.

येथून त्यांच्या कार्यास निराळे वळण लागले. हकिमी ही तोवर घराण्याची ठेव होती. नुस्खे पित्याकडून पुत्राकडे जात. पुत्र नसेल तर विद्या लोपे. ज्यांना हकिमाचा उंबरठा गाठता येत नसे, त्यांच्या दृष्टीने ती नसल्यासारखीच होती. पडद्यातील स्त्रियांची अवस्था तर अधिकच बिकट होती. परपुरुषाकडून तपासणी करून घेणे त्यांना अशक्य असे आणि प्रसूती अशिक्षित दायांच्या हाती सोपविलेली असे. हे जाणून अजमल खान यांनी १९०९ मध्ये दायांना शिकविणारी शाळा आणि तिला जोडून स्त्रियांचे रुग्णालय सुरू केले.

पुढल्याच वर्षी त्यांनी हकिमांना व वैद्यांना एका परिषदेत एकत्र आणले. पाश्चात्त्य पदवीधरांचीच नोंदणी करण्याचा विचार मुंबई इलाख्यात त्या वेळी बळावत होता आणि १९१२ मध्ये तसा कायदाही झाला. देशी वैद्यकावर अवलंबून असलेल्या बहुसंख्य जनतेला यामुळे कोण उरणार, हा अजमल खान यांच्यापुढील प्रश्न होता. केवळ विरोध करून ते थांबले नाहीत. १९११ मध्ये युरोपातील रुग्णालये त्यांनी पाहिली. आयुर्वेद, यूनानी, शरीररचनाशास्त्र व शल्यक्रिया एकाच छत्राखाली शिकविणाऱ्या महाविद्यालयाची कोनशिला लॉर्ड हार्डिंज यांच्या हस्ते करोलबागेत १९१६ मध्ये बसविली गेली. हिंदुस्थानी दवाखान्यातील औषधविक्रीचे उत्पन्न त्यांनी या संस्थेकडे वळविले. घराण्याची ठेव अशा रीतीने सार्वजनिक झाली.

१९२० मध्ये त्यांनी सरकारी पदव्या परत केल्या. लोकांनी त्यांना 'मसीह-उल-मुल्क' म्हटले. १३ फेब्रुवारी १९२१ रोजी महाविद्यालयाचे उद्घाटन गांधीजींनी केले आणि त्याच समारंभात लॉर्ड व लेडी हार्डिंज यांच्या तसबिरींचेही अनावरण केले. देशी वैद्यकात संशोधनवृत्ती उरलेली नाही, असा परखड आक्षेपही त्यांनी त्या वेळी घेतला. अजमल खान यांनाही ही उणीव जाणवत होती. जामिया मिल्लियाचे कुलपतिपद आणि काँग्रेसचे अध्यक्षपद सांभाळीत असतानाही महाविद्यालयात संशोधनसंस्था उभारण्याचा ध्यास त्यांनी सोडला नाही.

२९ डिसेंबर १९२७ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या प्रेरणेने या कामात आलेले रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेपासून एक द्रव्य वेगळे केले आणि त्यास 'अजमलीन' हे नाव दिले. वैद्य व हकीम दोघांच्याही वापरातील ही वनस्पती. तिच्यातील हे द्रव्य पुढे हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील औषध म्हणून उपयोगात आले.