कवच पदाला, व्यक्तीला नव्हे

भारतीय संविधानाचे शिल्पकार, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसून शिकलेल्या या बालकाने पुढे मुंबई, न्यूयॉर्क व लंडन येथे उच्च विद्या संपादन केली. मुलांना शिकवायचे तर आधी निवारा हवा, हे ओळखून बहिष्कृत हितकारिणी सभेमार्फत त्यांनी १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले. आपल्यासारख्या निवासी शाळांची परंपरा तेथवर जाऊन पोहोचते.

ऑगस्ट १९४७ मध्ये बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. संविधान वाचताना विद्यार्थ्यांना एक प्रश्न पडतो. कायद्यापुढे सर्व समान, तर राष्ट्रपतींना वेगळे संरक्षण का? अनुच्छेद ३६१ नुसार पदावर असेपर्यंत राष्ट्रपतींवर फौजदारी कारवाई होत नाही, त्यांना अटक करता येत नाही आणि अधिकार वापरताना केलेल्या कृत्यांबद्दल ते न्यायालयाला उत्तरदायी नसतात. परंतु फौजदारी कारवाईपासूनचे हे संरक्षण पदावधीपुरतेच आहे, आणि शासनाविरुद्ध दाद मागण्याचा नागरिकाचा हक्क त्याने हिरावला जात नाही.

अनुच्छेद ६१ तर थेट पदच्युतीचा मार्ग सांगतो. संविधानाचा भंग झाल्यास संसदेचे कोणतेही सभागृह महाभियोगाचा दोषारोप ठेवू शकते. त्यासाठी एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्यांची १४ दिवसांची सूचना लागते. एका सभागृहाने एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश बहुमताने दोषारोप ठेवायचा, दुसऱ्याने चौकशी करून तितक्याच बहुमताने तो सिद्ध झाल्याचे ठरवायचे. राष्ट्रपतींना बाजू मांडण्याचा हक्क आहे. आजवर एकाही राष्ट्रपतीला अशा रीतीने दूर करावे लागलेले नाही. तरीही सर्वोच्च आसन संविधानाच्या वर नाही, हे या तरतुदीने कायमचे ठरवून ठेवले.

पदाचा मोह बाबासाहेबांना स्वतःलाही नव्हता. हिंदू कोड बिल रखडले, तेव्हा १९५१ साली त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या वस्त्यांतून आजही माणसे दादरच्या चैत्यभूमीवर नतमस्तक होण्यास जातात. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी अधिकारी आहेत, कोणी नगरसेवक होतील. खुर्ची आपली नसते, ती लोकांनी सोपवलेली असते, एवढे ध्यानी ठेवले तरी बाबासाहेबांना ते खरे अभिवादन ठरेल.